माझ्या चित्रांना नेसवलेली लुगडी

मी एक जुना, पावणेचार किलोंचा शरीररचनेचा ग्रंथ आहे. मित्रांनो, हसू नका. माझा मूळपुरुष फार वर्षांपूर्वी विलायतेत छापला गेला, तेव्हा चांगला सडपातळ होता. पुढे दर आवृत्तीत विद्वान मंडळी काहीतरी भर घालत गेली. माणसाची हाडं दोनशे सहाच राहिली, पानं मात्र माझी वाढली.

वसईजवळ गिरीजला मी आलो तो विद्याधरबरोबर. तो तेव्हा डॉक्टरकी शिकत होता. त्याने माझ्या समासात पेन्सिलीने टिपणं काढली आणि रोज माझ्यावर डोकं ठेवून झोपलाही. पण पोरगा पास झाला. गावातच दवाखाना थाटला आणि मी दिवाणखान्यातल्या कपाटात गेलो.

तिथे माझी गाठ आशालताशी पडली. ही विद्याधरची थोरली बहीण. घर आणि केळीची वाडी तिच्याच हुकमात, शिवाय शिवणकामात तिचा हात कोणी धरणार नाही. एका गणपतीत पाहुण्यांच्या मुलांनी मला उघडलं आणि खी खी सुरू झालं. झालं, बाई तडक उठली. जुन्या कॅलेंडरची पानं कापून तिने माझ्या पुरुषांना धोतरं नि बायकांना लुगडी नेसवली, तांदळाच्या खळीने चिकटवून. निऱ्यासुद्धा पाडल्या. एकाच्या मांडीवर तर अंगारकी चतुर्थी आली. मी लाजेने अर्धमेला झालो.

अशी वीस वर्षं गेली. यंदा विद्याधरची मुलगी सुरुची डॉक्टरकीच्या पहिल्याच वर्षी तोंडी परीक्षेत आपटली. मोबाइलवर बघताना तिला सगळं यायचं, कोणी विचारलं की ततपप. सोमवारी फेरपरीक्षा होती. पुन्हा नापास झाली तर वर्ष बुडणार होतं. रविवारी सकाळी विद्याधर म्हणाला, "माझा ग्रंथ काढ. खुणा केल्यात मी त्यात."

तिने पोटाचं आणि जांघेचं प्रकरण उघडलं. सगळे नेसलेले.

"आत्या, हे काय गं करून ठेवलंयस?" पोरीला रडूच फुटलं.

कागद ओढावा तर चित्र फाटणार. आशालता ओशाळली, पण हार मानणारी नव्हे. तिने मोदकपात्रात पाणी उकळलं आणि मला वाफेवर धरलं. या वयात वाफारा घ्यायची वेळ आली माझ्यावर. खळ सैल झाली. तिने एका धोतराचं टोक चिमटीत धरलं आणि थांबली.

"आधी सांग, खाली काय आहे. मग उचलते."

चुकलं की धोतर पुन्हा खाली. पहिल्यांदा आशालता मान वळवून बसली होती. तिसऱ्या धोतरापर्यंत तीच दटावू लागली, "आणि ती निळी शीर? ती कोण सांगणार?" जेवणं राहिली. सुरुची फडाफडा बोलू लागली. मला फार बरं वाटलं.

शेवटी जांघेवरचं एक लुगडं उरलं. सुरुचीने तिथले थर अचूक सांगितले, तरी आशालताने कागद उचलला नाही. हळूच म्हणाली, "इथे गाठ आली, खोकलं की फुगते, आडवं झालं की आत जाते, तर?"

"हर्निया. अडकला तर जिवावर बेततं. ऑपरेशन करतात. बरोबर ना?"

"ते मला काय ठाऊक? मला दोन वर्षं आहे."

विद्याधर दारातच उभा होता. "ताई, घरात डॉक्टर असून?"

"तू भाऊ ना रे. तुला कसं दाखवू?"

मला वाईट वाटलं. सगळं माझ्यात लिहिलेलं होतं आणि ती दोन वर्षं नुसती माझ्यावरची धूळ पुसत होती.

सोमवारी सुरुची पास झाली. त्याच आठवड्यात एका डॉक्टरीणबाईंनी आशालताचं ऑपरेशन केलं, सुखरूप. आता ती पलंगावर पडून असते. माझं वजन उचलायची तिला सक्त मनाई, म्हणून मी शेजारच्या उशीवर. आल्यागेल्याला ती माझं पान दाखवून सांगते, इथे कापलं, इथे जाळी बसवली. विद्याधर उठून बाहेर जातो.

मित्रांनो, आम्हा जाड पुस्तकांना ओलीपासून, वाळवीपासून जपा. पण झाकून ठेवू नका. आम्हाला बघून कोणी बिघडत नाही.

परवा शेजारची क्लेमेंटीन पपई घेऊन आशालताला बघायला आली. ऐकता ऐकता उठून तिने दार लोटलं, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि म्हणाली, "आशा, छातीचं पान काढ गो जरा."