मिळून घेतलेला निर्णय

मी 'मानव विकास आणि कुटुंब अभ्यास' या विषयात एम.एस्सी. करते. म्हणजे नेमकं काय करते, हे दहिसरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाच कळलेलं नाही. शेजारच्या पद्मजाकाकू मला नातवाच्या तोतरेपणावर औषध विचारतात. आमचे बाबा, शिवदास परब, यांच्या मते संसार ही शिकायची गोष्टच नाही, तो आपोआप चालतो. त्यांचा आपोआपच चालतो, कारण तो आई चालवते. तिचं गेल्या पाच वर्षांत एकच मागणं आहे. कणकवलीला बहिणीकडे, शकुमावशीकडे, एकटीने आठ दिवस राहायचं. बाबांचं उत्तरही एकच: "मग घर कोण बघणार?"

या सेमिस्टरला एका कुटुंबाचं जेवणाच्या वेळी निरीक्षण करायचं होतं. स्वतःचं घर चालणार नव्हतं, म्हणून मी आणि माझ्या वर्गातल्या मुलुंडच्या संघमित्राने घरांची अदलाबदल केली.

ती येणार म्हटल्यावर बाबांच्या अंगातच आलं. जन्मात कधी स्वतःचं पाणी न घेतलेला माणूस ताटं मांडू लागला. माझा भाऊ देवेश सोलकढी वाढत होता, त्यातली निम्मी टेबलावर. आई आमच्याबरोबर जेवायला बसली आणि सवयीने सारखी उठू लागली. बाबा दर वेळी तिला हाताला धरून बसवत होते. मला हसू येत होतं आणि चीडही. आईला गरम भाकरी मिळायला बाहेरचं माणूस घरात यावं लागलं!

संघमित्रा कोपऱ्यात बसून लिहीत होती. तिने मध्ये बोलायचं नाही, असा नियमच होता. तिचं पेन थांबलं की बाबा अस्वस्थ व्हायचे.

"आमच्याकडे बायकांना दाबणं वगैरे नाही हां," ते म्हणाले. "कुठलाही निर्णय असो, सगळे मिळून घेतो."

पेन पुन्हा धावू लागलं. आईने हातातला घास खाली ठेवला.

"मग येत्या सोमवारी मी शकुकडे जाते. आठ दिवस."

बाबांनी आधी आईकडे पाहिलं, मग पेनाकडे.

"जा ना! मी कधी नको म्हटलंय?"

संघमित्रा गेल्यावर बाबा मूळ पदावर आले. "मालन, ता मी त्या पोरीसमोर बोललंय. तू खरा धरून बसलंस काय?"

"जातलंय मी," आई म्हणाली. "आणि तिका परत बोलवलंय. मी नसताना घर कसा चलता, ता बघूक."

मी आईला मिठी मारली. "झकास! वाट लावलीस यांची!" घरातल्या निर्णयस्वातंत्र्यावर मी नुकताच निबंध लिहिला होता. त्यातली दोन वाक्यंही तिला ऐकवली. मग एकदम आठवलं.

"अगं पण, मंगळवारी माझं प्रेझेंटेशन आहे ना. बुधवारी गेलीस तर नाही का चालणार? माझा डबा, सकाळचं सगळं..."

आई नुसती बघत राहिली. इतकी वर्षं ती बाबांकडे असंच बघायची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.