पहिली कुदळ

कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळावरून आणलेली घागर संयोगितानं उंबऱ्यात टेकवली आणि पदरानं मान पुसत म्हणाली, "आत्ती, झालं बघा. परवानगी मिळाली."

खाटेवर पडलेल्या सासूनं, मनुबाईनं, मान वळवली. मांडीचं हाड मोडल्यापासून तिच्या अंगात मान आणि हात एवढीच हालचाल उरली होती.

"कसली गं?"

"रस्ता खोदायची. नळ आता आपल्या घरात."

"रस्ता काय तुझ्या बापाचा हाय व्हय?"

"न्हाई, म्हणून तर परवानगी!"

दोघी हसल्या. त्या घरात हसू आता असंच यायचं, अधूनमधून, पाण्यासारखं.

आटपाडीकडच्या त्या गावात पाण्याची मोठी लाइन गल्लीच्या पलीकडच्या बाजूनं गेलेली. अलीकडच्या घरांनी केव्हाच रस्ता फोडून जोडण्या घेतल्या होत्या. संयोगिताच्या घराचं राहिलं. तिचा नवरा, फौजेतला हवालदार ऋषिराज, 'फुडच्या सुट्टीत करतो' म्हणून गेला आणि पुढच्या सुट्टीला तिरंग्यात गुंडाळून आला. आता सोमवारपासून गल्लीत काँक्रीट पडणार होतं. एकदा ते पडलं की नगरपंचायत कित्येक वर्षं कुणालाही तिथं कुदळ लावू देणार नव्हती. म्हणजे कोपऱ्यावरचा नळ, ती घागर, आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची रोजची धुणी. सगळं जन्मभर डोक्यावरून.

*अट : परवानगी फक्त शनिवारपुरती. खुदाई, जोडणी व खड्डा बुजवणे सायंकाळपूर्वी पूर्ण करावे.*

*अट : परवानगीधारकाने काम सुरू होण्यापासून स्वतः जागेवर हजर राहावे.*

कागद हातात देताना नगरपंचायतीच्या इंजिनिअर मॅडमनी विचारलं होतं, "नाव तुमचंच ना? मग उभं तुम्हीच राहायचं. दुसऱ्या कुणाला पाठवलंत तर काम थांबवीन."

"मीच ऱ्हाते की," संयोगिता म्हणाली होती. त्यात अवघड काय, असं तिला त्या वेळी वाटलं होतं.

एक अट मात्र कागदावर नव्हती. ती गल्लीची होती.

त्या रस्त्यानं देवीची पालखी जाते. तिथं खोदायचं तर पहिली कुदळ जोडप्यानं मारायची. बायकोनं कुदळीला हळदकुंकू लावायचं, नवऱ्यानं घाव घालायचा. आणि तो घाव पडेपर्यंत विधवेनं रस्त्यावर यायचं नाही. दारातही नाही. गटार खोदताना असंच झालं, मंडळाची कमान उभारताना असंच झालं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुणालाच ठाऊक नव्हतं.

कागद म्हणत होता, हजर राहा.

गल्ली म्हणत होती, दिसू नको.

शुक्रवारी तिचा धाकटा दीर गुंडा आला. भिंतीपलीकडच्या अर्ध्या घरात तो बायकोसह, दीपमालेसह, राहायचा.

"वैनी, काळजी करू नगा. मी आन दीपमाला जोडीनं हुबं ऱ्हातो. तेवढं परवानगीवरचं नाव माझं करून घिऊ. मॅडमला मी सांगतो."

"नाव कशाला, भाऊजी?"

"आवं, हजर कोण ऱ्हाणार? मीच ना? मग नळबी माझ्याच नावावर यील. घरातल्या घरात काय फरक पडतो? तेवढंच तर हाय."

शेताच्या वाटणीच्या वेळीही तो 'तेवढंच तर हाय' म्हणाला होता. संयोगितानं सासूकडं पाहिलं. मनुबाई छताकडं बघत म्हणाली, "ऐक त्याचं. मी जन्मभर आत बसले. काय बिघडलं माझं?"

 त्या रात्री संयोगितानं खाटेखालचं ओलं फडकं बदललं, म्हातारीचं अंग पुसलं.

*

शनिवार. प्लंबर हरिबा पाइप घेऊन आला आणि कुदळ रस्त्यावर टाकून बिडी ओढत बसला.

"हरिभाऊ, लावा की हात."

"ताई, लावला असता. पर पयला घाव मी घातला तर गल्ली मला परत काम दील व्हय? जोडणी करून देतो. पयला घाव आन खोदाई तुमच्या घरचं कुणीतरी करा."

घरचं कुणीतरी चार पावलांवर उभंच होतं. नव्या साडीत दीपमाला, हातात कुंकवाचा करंडा; शेजारी गुंडा. संयोगिता उंबरा ओलांडून रस्त्यावर आली तसा तो ओरडला, "आवं, आत जावा! लोक बघत्यात!"

"कागदावर माझं नाव हाय, भाऊजी. मी हिथंच हुबी ऱ्हाणार."

गल्ली जमली. समोरच्या किराणा दुकानातून धन्यकुमारअण्णा उतरले. शिकलेला माणूस, गल्लीत त्यांच्या शब्दाला मान. संयोगितानं आशेनं त्यांच्याकडं पाहिलं.

"अण्णा, तुमी तरी सांगा."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "बाळ, मी स्वतः असलं काही मानत न्हाई गं. पर दहा घरांचा प्रश्न हाय. आजच्या दिवस आत बसलीस तर काय होतं? काम झालं म्हणजे झालं."

"काम झालं, पर कुणाच्या नावानं?"

अण्णा दुकानाकडं बघू लागले.

"आईकडनं शिका जरा!" गुंडाला आता जोर चढला. "बा गेल्यापास्नं कवा दारात दिसली का ती? एकदा तरी? ह्याला म्हणत्यात घरंदाज बाई!"

आतून हाक आली. "संयोगिता! खाटंखालची ट्रंक वड."

हाकेत असं काहीतरी होतं की संयोगिता धावत आत गेली. ट्रंक ओढली, उघडली. मनुबाईनं चाचपत तळातून एक लाल इरकल लुगडं काढलं. घड्यांवर रंग उडालेला, बाकी कोरं.

"ह्ये माझं लगनातलं. तुझा सासरा गेला तवा मी कोवळी पोर व्हते. तवापास्नं ट्रंकंत हाय. तुझ्या त्या कागदात लाल फडक्याचं कायतरी व्हतं न्हवं?"

*अट : खड्ड्याच्या दोन्ही बाजूंस लाल कापड लावून रहदारीस सावध करावे.*

"व्हय, पर आत्ती, ह्ये कशाला? मी आणते दुसरं…"

"मी काय शिकवलं म्हणतोय त्यो? आत बसायचं? मी बसले न्हाई, गं. मला बशिवलं." म्हातारीनं इरकलाची किनार दातांत धरली आणि मान हिसडून फाडली. "जा. कुणाला इचारू नगस."

संयोगितानं ते लाल तुकडे काठ्यांना बांधून रस्त्याच्या दोन्ही अंगांना रोवले. हरिबाची कुदळ उचलली. कुणीतरी "अगं अगं" म्हणालं. दीपमाला करंडा घेऊन कुदळीकडं एक पाऊल पुढं आली आणि गुंडानं तिचं मनगट धरलं.

कुदळ खाली आली.

डांबराला नुसता चरा गेला. दुसऱ्या घावाला खपली उडाली. तिसऱ्या घावानंतर मोजायला कुणी थांबलं नाही. दारं एकेक करून लागत गेली. मागं राहिले हरिबा, पाइप, आणि ती. ऊन चढलं. तिचे तळहात फुटले, पदराची चिंधी बांधून ती खोदत राहिली. दुपारी मॅडम पाहणीला आल्या, खड्डा बघितला, हातांकडं बघितलं, आणि हरिबाकडं अशा नजरेनं पाहिलं की त्यानं बिडी टाकून मुकाट फावडं उचललं.

आभाळ तांबडं व्हायच्या आत खड्डा बुजला. मोरीतल्या नळाला आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग पाणी. संयोगितानं पहिला तांब्या सासूच्या ओठांना लावला. मनुबाई प्यायली. डोळे मिटून, सावकाश, हिशेब चुकता करून घ्यावा तशी.

दिवेलागणीला धन्यकुमारअण्णा दारात आले. आजूबाजूला नजर टाकून हळू आवाजात म्हणाले, "संयोगिता, लय चांगलं केलंस बाळ. खरं सांगतो, मनातनं मी तुझ्याच बाजूनं व्हतो. माझ्यासारखी अजून चार माणसं व्हती."

तळहातांना खोबरेल लावत बसलेल्या संयोगितानं वर पाहिलं. आवाजात राग नव्हता. तो असता तर अण्णांना बरं वाटलं असतं.

"अण्णा, पाच जणं व्हता तुमी? आवं, मग मला सकाळी एकबी का दिसला न्हाई?"

अण्णांनी पुन्हा चष्मा काढून पुसला. गल्लीतल्या बंद दारांमागून, दिव्यांच्या उजेडात, कोण कोण ऐकत होतं कोण जाणे. दार मात्र एकही उघडलं नाही.