ढोल खोडताना

मित्रांनो, मी एक जुना खोडरबर आहे. आता बोराएवढाच उरलो आहे. पण कारखान्यातून निघालो तेव्हा पांढराशुभ्र आणि कोरदार कोपऱ्यांचा होतो. मला एका चेलोवादकाने विकत घेतले. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊच. तो गुडघ्यांत धरून गजाने वाजवतात. आमचे वादक ऑपेराच्या नाट्यगृहात, रंगमंचापुढच्या खोलगट जागेत बसत. गज कुठे वर न्यायचा, कुठे खाली, याच्या खुणा ते पेन्सिलीने स्वरलिपीवर करत. ती पाने भाड्याची असत, म्हणून खेळ संपले की मी त्या खुणा पुसत असे. "बघा, कागदाला ओरखडासुद्धा नाही!" असे ते शेजारच्या वादकाला दाखवत. मला केवढे बरे वाटे!

मग ते निवृत्त झाले, आजोबा झाले, आणि मी गजाला लावायच्या राळेच्या डबीत काळा पडत राहिलो. मागच्या हिवाळ्यात आजोबांना मेंदूचा झटका आला. हात वाचला, पण शब्द हरवू लागले. डॉक्टर म्हणाले, रोज शब्दकोडे सोडवा. आजींनी मला डबीतून काढले आणि देवापुढे हात जोडून व्रत घेतले, रोजचे कोडे भरेपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचे नाही.

बाकीचे कोडे आजी भरत. ऑपेराची आणि संगीताची घरे मात्र आजोबांची. 'ऑपेरात एकट्याने गायचे गीत', की आजोबा लगेच लिहीत, आरिया! तरी मला रोज धास्ती असे. मी जास्त झिजलो, म्हणजे त्यांचे जास्त चुकले.

परवा सकाळी सूचना आली, 'गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचे वाद्य, दोन अक्षरे'. आजोबांनी पेन्सिल घरावर टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. चहा निवला. आजींची बोटे जपमाळेवर थबकली.

"आई, सांगून टाक ना," शेजारी बसलेली त्यांची मुलगी कुजबुजली.

"नाही गं. ते घर त्यांचं आहे."

शेवटी आजोबांनी लिहिले, 'ढोल'.

"बाबा, ढोल गजाने वाजवतात?"

"फाटका असेल तर कशानेही वाजतो. बसला ना दोन घरांत? आता आईला खाऊ दे."

आजींनी मला उचलले. "अहो, चुकलंय हे ठाऊक होतं ना तुम्हाला?"

"होतं. पण तू उपाशी. शब्द शोधायला बसलो की मला तुझं पोटच ऐकू येतं गं."

आजींनी हळूच 'ढोल' पुसला. मग डोळे मिटले. "देवा, व्रत माझं आणि ओझं यांच्या डोक्यावर. एवढं पोटात घाल." त्यांनी तो गार चहा घेतला, त्यात पाव बुडवून खाल्ला आणि आजोबांना खेटून बसल्या.

आजोबांची डावी बोटे टेबलाच्या कडेवर तारा दाबू लागली. उजवा हात हवेत संथ सरकला. "हे..."

"हो, हेच."

"पण नाव?"

"येईल हो. घर काय पळून जातंय?"

ती दोन घरे रिकामीच राहिली. उद्या नाव येईल का, मला ठाऊक नाही. भीती वाटतेच.

मित्रांनो, मला कर्कटकाने टोचू नका, चावू नका. आणि घरात कुणाचा शब्द अडला, तर थांबा. मात्र तोंड सुकवून समोर बसू नका. पोटभर खाऊन, त्यांना खेटून बसा. कुणी आपल्यापायी उपाशी बसले आहे हे दिसले, की माणूस मिळेल तो शब्द लिहून मोकळा होतो.