वर पाणी, खाली कागद

पार्लरवाल्या ताईने पहिल्या मजल्यावरची खोली भाड्याने घेतली, तेव्हा तिच्या आनंदाला पारावार नव्हता, आणि खालच्या बाइंडिंगवाल्या काकांच्या संतापालाही. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पार्लरमध्ये उभं राहून पायांचे तुकडे पाडून घेतल्यावर आता कुठे स्वतःच्या खुर्च्या, स्वतःचा आरसा आणि केस धुवायला दोन बेसिन येणार होती. ती बेसिन बसणार होती नेमकी काकांच्या कामाच्या टेबलावर. मध्ये फक्त छत.

काका म्हणजे शिंक आली तरी कागदाकडे पाठ करून शिंकणारा माणूस. ते तडक घरमालकिणीकडे गेले. "वर पाणी, खाली कागद! हे कुठल्या शहाण्याला सुचलं?"

घरमालकिणीने ताईला बोलावून घेतलं. बाई सरळ बोलणारी. "काकांच्या छताला ओला डाग दिसला, की त्याच दिवशी चावी माझ्या हातात." ताईने मान डोलावली. गाठीला होतं नव्हतं ते सगळं तिने त्या खोलीत घातलं होतं. चावी गेली तर पुन्हा दुसऱ्याचं पार्लर आणि दुसऱ्याची बोलणी.

प्लंबर घरचाच होता, तिचा मामेभाऊ. पण त्याचं एक तत्त्व होतं. "ताई, सामान तू आण. नात्यातल्या कामाला मी सामान आणत नाही. दुकानदार प्लंबरला कमिशन देतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी कितीही चांगलं आणलं, तरी आत्या म्हणणार, भाच्याने मलई खाल्ली."

"मी असं कधी म्हणाले?" ताईची आई म्हणाली. पण फार जोरात नाही म्हणाली.

आता सामान कुठून घ्यायचं? चौकातलं मोठं दुकान स्वस्त, मागच्या गल्लीतलं महाग. दोन्हींच्या भावात इतका फरक, की तेवढ्यात आरशासारखा चकचकीत, मान वळवता येणारा नळ आला असता. त्या नळावर ताईचा जीव जडला होता. आईचंही मत पक्कं होतं. "गिऱ्हाईक नळ बघतं बाई. पाइप बघायला कोण भिंत फोडतंय?"

दिवसभर ती या दुकानातून त्या दुकानात चकरा मारत राहिली. शेवटी तिने जे केलं ते ऐकून आईने कपाळाला हात लावला. ती खाली उतरली आणि काकांसमोर उभी राहिली.

"काका, माझ्याबरोबर पाइप घ्यायला येता?"

"मी? मला काय कळतं पाइपमधलं?"

"मलाही नाही कळत. पण गळलं तर पाणी तुमच्या डोक्यावर पडणार. तुमच्याइतकं घाबरून दुसरं कोण निवडणार?"

ही आपली टर उडवतेय की काय, म्हणून काकांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग बोटांची खळ पुसली आणि चपला पायात सरकवल्या.

चौकातल्या दुकानात काकांनी पहिल्याच वाक्याला दुकानदाराचा घाम काढला. "हा गळणार नाही कशावरून?"

"काका, अख्खं शहर नेतं आमच्याकडून."

"अख्ख्या शहराच्या डोक्यावर हिचं बेसिन नाही."

त्यांनी एक एल्बो, म्हणजे पाइप वळवायचा जोड, उचलला आणि पाइपाच्या टोकावर बसवला. पाइप सुळकन आत गेला आणि तो वाकडा करताच एल्बो टपकन फरशीवर पडला. "सोल्युशन लावलं की बसतो घट्ट," दुकानदार म्हणाला.

"पुठ्ठा आखूड कापला, तर खळ लावून लांब होत नाही हो," काका म्हणाले आणि बाहेर पडले. मागोमाग ताईही.

गल्लीतल्या दुकानात एक बाई चष्मा नाकावर घेऊन बसली होती. ती उठलीही नाही. "बसवून बघा," एवढंच म्हणाली. इथला एल्बो अर्ध्यात अडला. काका लालबुंद होईपर्यंत रेटत राहिले.

"सोडा आता, हाताला लागेल," बाई हसली. "कोरडा असताना अर्ध्यातच अडला पाहिजे. सोल्युशनने दोन्ही जरा मऊ होतात, मग पाइप पूर्ण आत जातो आणि एकजीव होतो."

काकांना इतकं पटलं, की ते खुर्ची ओढून बसलेच. ताईने मात्र मामेभावाने दिलेल्या यादीचा एकूण आकडा ऐकला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. बाईनेच यादी ओढून घेतली आणि पेनाने दोन ठिकाणी काट मारली.

"सगळं माझ्याकडून नेऊ नका. भिंतीत आणि फरशीत जाणारं इथून घ्या, एकदा गाडलं की गाडलं. नळ, बेसिनखालची नळी, हे बाहेरच राहणार. बिघडलं तर बदलता येतं. ते चौकातून घ्या, साधं बघा. खिशाला परवडेल असं."

हातातलं गिऱ्हाईक अर्धं दुसऱ्याकडे धाडणारी दुकानदारीण ताईने आजवर पाहिली नव्हती. "तुमचे उपकार कसे फेडू?" ती म्हणाली.

"केस कापायला येईन. नीट काप म्हणजे झालं."

नळ साधेच आले. आईने ते पाहून नाक मुरडलं, "शाळेतल्यासारखे दिसतात." पण काकांनी एकेक पाइप स्वतः वर नेऊन दिला, जिन्यात कुणाला हात लावू दिला नाही.

जोडकाम झालं. भिंत बुजवण्याआधी भाऊ टोकं बंद करून पाण्याचा दाब देणार होता. "ताई, खाली सांगून ये. कागद बाजूला घ्या म्हणावं. एखादा जोड सुटला तर धार लागेल."

ताई प्लास्टिकचा मोठा कागद घेऊन धावत खाली गेली. काका टेबलाशी होते. वाचनालयातून आलेल्या एका जुन्या ग्रंथाची पानं त्यांनी सुटी करून पसरली होती, बरोबर वरच्या बेसिनच्या खाली. अशी प्रत पुन्हा मिळणार नव्हती.

"अहो काका, पाणी सोडतोय तो! झाका ना हे आधी!"

काकांनी मान वर केली नाही. बोटाने पानाच्या कडेला खळ ओढत म्हणाले, "कशाला? पाइप मी निवडलेत. आणि मला तू निवडलंस, माणसं चांगली निवडतेस."

आजवर ताईच्या कामावर लोकांनी पैसे टाकले होते, विश्वास असा कुणी टाकला नव्हता. तिला वाटलं, या माणसाच्या पाया पडावं. ती वर गेलीच नाही. प्लास्टिकची घडी काखेत धरून ती काकांच्या शेजारी, त्याच छताखाली उभी राहिली आणि जिन्याकडे तोंड करून ओरडली, "सोड रे पाणी!"