चतुराबाईचं शेण

वामनराव पाटलांच्या गोठ्यातलं शेण चतुराबाईचं, हे परतवाड्याकडच्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिनं रोज गोठा झाडायचा आणि मजुरी म्हणून शेण न्यायचं. तिच्या सासूनंही जन्मभर हेच केलं. त्या शेणाच्या गवऱ्यांवर घरची चूल पेटायची, उरलेल्या अचलपूरच्या बाजारात जायच्या.

पण गोठा पडला उतारावर, आणि उताराखाली राखीव जंगल. पावसाळ्यात गवऱ्या थापता येत नसत, तेव्हा गोठ्याची सारी घाण नाल्यातून थेट जंगलातल्या डोहात उतरायची. रानातली जनावरं त्या पाण्याला तोंड लावेनात, तेव्हा रेंजरसाहेबांनी वामनरावांना सुनावलं, शेणाचा बंदोबस्त करा, नाहीतर गोठा हलवा. वामनराव हुशार माणूस. अकोल्याच्या शेतकी प्रदर्शनात त्यांनी गोबर गॅस पाहिला होता. परसात विहिरीसारखी टाकी खणली, वर लोखंडी झाकण बसलं, आणि एके दिवशी स्वयंपाकघरात निळी ज्योत पेटली. अख्खा गाव बघायला लोटला. नाला निवळला, वास गेला. खोटं कशाला बोला, काम नामी झालं!

फक्त शेण टाकीत गेलं. चतुराबाईनं आता गोठा झाडायचा, आणि तेच शेण पाण्यात कालवून टाकीत ओतायचं.

"अन् मायं शेण, मालक?" तिनं विचारलं.

"तुले जवारी वाढवून देतो ना."

"जवारी शिजवू कायनं?"

वामनराव खो खो हसले. त्यांना ती गंमत वाटली. चतुराबाईच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यात तिची लेक शकुन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. ऐन हिवाळ्यात पोरगा झाला. बाळंतिणीच्या बाजेखाली गवऱ्यांच्या निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेक द्यायचा, ही तिकडची रीत. "शेक चुकला तर पोरगी जन्माची दुखणाईत होईन," असं पार्वताबाई सुईण बजावून गेली. आणि घरातल्या गवऱ्या तर संपत आलेल्या.

चतुराबाई कोयता घेऊन जंगलात शिरली, आणि मोळी बांधता बांधताच सापडली. श्रावण गार्डानं मोळी आणि कोयता ठेवून घेतला, आणि तिला वामनरावांच्या अंगणात उभी केली. तिथं रेंजरसाहेब गॅसवरचा चहा पीत बसले होते.

"जंगलासाठी एवढं केलं," साहेब म्हणाले, "आणि तुम्ही लाकडं तोडता?"

"शेण होतं तवा मी कधी जंगलात पाय टाकला काय? इचारा या श्रावणले."

श्रावण खाली बघू लागला. साहेबांनी कप खाली ठेवला. वामनराव मध्ये पडले, बाई आपल्याच घरची आहे म्हणाले, म्हणून ती सुटली. मोळी काही मिळाली नाही.

मग ती मागच्या दारी कौशल्याबाईंकडे, वामनरावांच्या बायकोकडे गेली.

"शकुनच्या शेकापुरतं तरी शेण द्या, बाई."

"शेण कमी पडलं का गॅस चढत नाही वं. अन् त्या धुरात मले आता नाही बसवत."

चतुराबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून लाल, सुजलेले असणारे ते डोळे आता स्वच्छ होते. त्यांचा तिला धड रागही येईना, आणि तेच तिला जास्त लागलं. ती मुकाट्यानं वळली. वाटेत शेजारणीकडून कुऱ्हाड मागून घेतली.

शेकाचे दिवस पार पडले. ती टाकीशी शेण कालवत असताना कौशल्याबाई बाहेर आल्या.

"शकुन कशी हाय वं?"

"बरी हाय. शेक भेटला. लेकरू तेवढं रातभर कुडकुडते. वारा सरळ घरात घुसते."

"मंग दार लावून घेत जा न बाप्पा!"

"दारच तर जाळलं, बाई."

आत दूध उतू चाललं होतं, कौशल्याबाई लगबगीनं गॅस बंद करायला गेल्या. चतुराबाईनं टोपलं उचललं आणि शेण टाकीत ओतलं.