खाण्यात न धरलेली वडी

सिट्से काहीतरी लपवतोय, याबद्दल त्याच्या बायकोला, गीस्केला, तिळमात्र शंका नव्हती.

त्याच्या मूत्रपिंडाच्या कॅन्सरवर रोज एक गोळी चालू होती. गाठ स्वतःला पोसायला रक्ताचे नवे पाट खोदून घेते. गोळी ते पाट बुजवते आणि गाठीला वाढायचा हुकूमही पोचू देत नाही, असं नर्स मिर्यामने समजावलं होतं. जन्मभर कालव्यांचे दरवाजे सांभाळलेल्या सिट्सेला ते लगेच पटलं. गाठ आकसतही होती. पण रक्तदाब चढत चालला होता. तो उतरला नाही तर गोळी थांबवावी लागेल, असा निरोप आला आणि गीस्केने घरातल्या एकेका डब्यावर संशय घ्यायला सुरुवात केली.

चीज गेलं. खारवलेला हेरिंग मासा गेला. सूप इतकं अळणी, की सिट्से म्हणाला, "यापेक्षा कालव्याचं पाणी बरं."

"जा, पी. त्यात मीठ नसतं."

तरी आकडा हटेना. आणि हा रोज दुपारी डाउवेच्या होडीच्या शेडमध्ये जाऊन बसे. डाउवे म्हणजे बाटलीचा जुना सोबती. एके दिवशी ती सायकलवरून मागोमाग गेली आणि तिने दार ढकललं.

दोघं म्हातारे रेडिओ ऐकत होते. मध्ये बाटली नव्हती. ज्येष्ठमधाच्या खारट काळ्या वड्यांची पिशवी होती.

"घे झडती," डाउवे म्हणाला. "बूटही काढू का, वहिनी?"

"गोळीने तोंडाला गंज चढल्यासारखं वाटतं गं," सिट्से पुटपुटला. "या वडीचीच तेवढी चव लागते."

गीस्केचा जीव भांड्यात पडला. तिनेही एक वडी चघळली, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून त्याच्यासाठी चांगली मोठी पिशवी आणली.

हॉस्पिटलात मिर्यामने खाण्यापिण्याचं विचारलं. गीस्केने पाढा वाचला: चीज नाही, मासळी नाही, दारूचा थेंब नाही.

"आणि काळ्या वड्या? आपल्याकडे त्या प्रत्येकाच्या खिशात असतात."

"त्या कोण खाण्यात धरतं?"

"कोणीच धरत नाही, तेच तर. ज्येष्ठमध अंगात मीठ धरून ठेवतं. गोळी दाब चढवतेच, वर तुमचा हातभार."

गीस्केने नवऱ्याकडे पाहिलं. पिशवी कोणी आणली हे सांगायची त्याला आयती संधी होती. तो खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे बघत राहिला.

मिर्याम डॉक्टरांशी बोलून परतली. वड्या बंद, दाबाचं औषध वाढवायचं. गोळी तूर्त चालू. पुढचं आकडा ठरवेल.

लिफ्टमध्ये गीस्के म्हणाली, "खिसे दाखव."

त्याने दाखवले. मग हात पुढे केला. "आता तुझी पर्स."

खाली उतरताच तिने पर्समधली वड्यांची पिशवी कचरापेटीत टाकली.

हळूहळू दाब उतरला. गोळी चालू ठेवा, असा मिर्यामचा फोन आला त्या सकाळी सिट्सेने दाब मोजून झाल्यावर यंत्राचा दंडावरचा पट्टा सोडायला घेतला.

"थांब," गीस्के म्हणाली. "इतका शहाणा आकडा मला पटत नाही. दुसरा दंड दे."