बाकल्याचा चहा

माझ्या भावजयीचं, चिउमेइचं, सगळं आयुष्य एका शेंगेला चुकवण्यात गेलं. आमच्या डोंगरात थंडी सरली की बांधाबांधावर बाकला लागतो आणि अख्खा गाव ते मोठे हिरवे दाणे मुठीमुठीने खातो. तिचा थोरला तेच दाणे खाऊन गेला, अजून नीट बोलतही नव्हता. आधी अंग पिवळं पडलं, मग लघवी काळ्या चहासारखी झाली, मग खेळ संपला. धाकटा युनशेंगही एकदा तसाच मरता मरता वाचला. तेव्हापासून तिने त्याला डोळ्यांत तेल घालून जपलं. त्याच्या कपड्यांत कधी डांबराच्या गोळ्या ठेवल्या नाहीत, तापात वैद्याची कडू मुळी दिली नाही, कारण त्यांनीही तेच दुखणं उठतं; लग्नाकार्याला घरून डबा नेला. कुणी विचारलं तर म्हणायची, "त्याचं पोट नाजूक आहे."

खरं सांगायला काय जात होतं, असं तुम्ही विचाराल. बरंच जात होतं. हे दुखणं ज्या घरात, त्या घराशी आमच्याकडे कुणी सोयरीक करत नाही. शिवाय ते आईकडून मुलात उतरतं हे आमच्या म्हाताऱ्यांना डॉक्टरांच्या आधीपासून ठाऊक, त्यामुळे खापर बायकांच्याच डोक्यावर फुटतं. युनशेंगची दोन स्थळं तेवढ्यावरून मोडली होती. त्याच्या पाठची बहीण उजवायची राहिली होती. म्हणून तिसरं स्थळ आलं ते दरीपलीकडून, जिथे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. ‘ये’ आडनावाच्या घराण्यातली शुएचेन. आईबाप नाहीत, आजीच्या हाताखाली वाढलेली.

मुलगी बघायला जाताना आत्या म्हणून मीही गेले.

"वन्सं, तुम्ही फक्त हसा. बोलायचं मी बघते," चिउमेइ वाटेत म्हणाली.

"आणि त्यांनी काही खायला दिलं तर?"

"चहा देतील. चहात काय असतं?"

आमचा चहा म्हणजे पाणी नव्हे. चहाची पानं, तीळ, शेंगदाणे खरबरीत वाडग्यात पेरूच्या दांड्याने घोटायचे, वर उकळतं पाणी आणि मग जे घरात असेल ते. ये आजी घोटायला बसली होती. दांडा थांबवून तिने उकडलेल्या बाकल्याचे ओंजळभर दाणे आमच्या वाडग्यांत टाकले आणि मोठ्याने म्हणाली, "आमच्या घरात याच्याशिवाय चहा होत नाही. सगळे खातो. आजवर कुणाला काही झालेलं नाही."

म्हातारीचा डाव मला लगेच कळला. आमच्या मुलीचं रक्त स्वच्छ आहे, बघा, हे ती दाण्यांनी सांगत होती. आणि आता आमच्या मुलाचं रक्त स्वच्छ आहे हे सांगायची आमची पाळी होती.

पंचाईत अशी की मुलगी पसंत असेल तर मुलाने वाडगा तळापर्यंत संपवून पालथा घालायचा. उरवला तर नकार. आणि असा उष्टा वाडगा मिळालेल्या मुलीच्या दारात पुन्हा मध्यस्थ फिरकत नाही.

युनशेंगने वाडग्याकडे पाहिलं, मग आईकडे. शुएचेन हातात रिकामं तबक धरून उभी होती. कान लाल झाले होते तिचे.

"काय बघतोस? निवतोय चहा," चिउमेइ म्हणाली.

"राहू दे वहिनी," मी मध्ये पडले. "बसने आलोय, त्याला मळमळतंय."

"वन्सं, त्याला काही मळमळत नाहीये."

तेवढ्यात मुलीचा मोठा भाऊ शेतावरून आला. आजीने त्याचा वाडगा चुलीमागच्या वेगळ्या पातेल्यातून भरला. त्यात हिरवा दाणा औषधालाही नव्हता. तो मुकाट्याने पाठ फिरवून खायला बसला. हेच दुखणं याही घरात होतं. मी चिउमेइकडे बघितलं. तिनेही ते पाहिलं होतं. एक शब्द बोलली असती तरी पुरे होतं. "तुमच्यासारखंच आमचंही," एवढंच. म्हातारी कदाचित रडून गळ्यात पडली असती. पण हिने नजर खाली घातली आणि मुलाच्या गुडघ्यावर बोटं रोवली.

युनशेंगने खाल्लं. सावकाश, एकेक दाणा चावून. वाडगा पालथा घातला तेव्हा शुएचेन पहिल्यांदा हसली.

"शुभ काम जोडीने करावं," म्हणत आजीने दुसरा भरला. त्याने तोही संपवला.

परत येताना मी चिउमेइला वाटेत उभं केलं. "पोटच्या पोराला विष चारलंस तू."

"मोठा झालाय आता. मोठ्यांना बाधत नाही म्हणतात."

"कोण म्हणतं?"

ती पुढे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे हळदीसारखे झाले. संध्याकाळी त्याने बहिणीला मोरीत येऊ दिलं नाही. मी जाऊन पाहिलं तर सगळं काळं. तालुक्याच्या दवाखान्यात रक्त चढवतात, माणूस वाचतो, हे आता आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण चिउमेइ दाराला आडवी.

"तिथली नर्स ये घराण्यातली आहे, वन्सं. परवा त्यांच्याकडे साखरपुड्याचा डुकराचा पाय आणि कोंबड्या जायच्यात. तेवढं होऊ द्या. मग कुठेही न्या."

"परवापर्यंत राहील तो?"

"लहानपणी राहिला होता."

मी तिला नको नको ते बोलले. तिने ऐकून घेतलं आणि दुर्वांसारख्या कसल्या मुळ्यांचा काढा उकळायला गेली. युनशेंगला दम लागत होता. "आत्या, तिचा एक दात वाकडा आहे, पाहिलास? हसली की दिसतो," एवढंच तो बोलला, आणि त्याला ते बोलून बरं वाटलेलं दिसलं. सकाळी मी भांडून ट्रॅक्टर आणला. नदीच्या पुलापर्यंत पोचलो, आणि त्याची मान माझ्या मांडीवर कलंडली.

सुतकात भेटायला ये आजी आली, नातीला घेऊन. अंगण माणसांनी भरलं होतं. म्हातारीने चिउमेइचा हात धरला. "असं अचानक कसं गेलं पोर?"

सगळं अंगण कान देऊन बसलं. चिउमेइची मुलगी भिंतीला टेकून उभी होती, पुढे तिलाही कुणीतरी बघायला येणार होतं. चिउमेइने आधी तिच्याकडे पाहिलं, मग शुएचेनकडे.

"धडधाकट होता. तुमच्या घरची पायरी चढला आणि पडला. तुमच्या मुलीची पत्रिका दाखवून घ्या, आजी. नवऱ्याला खाणारी असतात काही."

मला राहवलं नाही. "बाकल्याने गेला तो. तुम्हा दोघींनाही माहीत आहे."

"तोंड सांभाळा, वन्सं," चिउमेइ म्हणाली.

"आत्याबाईंना दुःखाने काही सुचत नाहीये," ये आजी म्हणाली. दोन्ही घरांचं एकमत झालं ते एवढ्याच एका गोष्टीवर. म्हातारीला तोंड उघडायचं म्हणजे बाकल्याचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि तिच्या घरात लग्नाचा नातू होता. तिने नातीच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली दाबलं.

"आमच्या मुलीचंच नशीब फुटकं. माफी माग."

शुएचेन गुडघ्यांवर बसली. तिने आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काय बोलले ते तिने ऐकलं होतं, आणि तिला ते कळलंही होतं. तिने कपाळ जमिनीला टेकवलं.

"माझ्यामुळे गेले ते," ती म्हणाली.

"ऊठ," चिउमेइ म्हणाली. "लांब जायचंय, चहा घेऊन जा."